प्रसूतीनंतर तिला शाळेत परत घ्या: मुंबई महानगरपालिकेला खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका,
तसेच पालिकेच्या शिक्षण विभागाचे आणि सार्वजनिक आरोग्य खात्याचे अधिकारी यांस

विषय: अठरा वर्षांच्या आत आई झालेल्या मुलींचे शिक्षण व उपजीविका

स. न. वि. वि.

गोवंडी-मानखुर्द भागातील एका अनुदानित मराठी माध्यमिक शाळेत मी शिक्षिका म्हणून आणि शेवटची काही वर्षे मुख्याध्यापिका म्हणून काम केले. अठरा वर्षांच्या आत आई होणाऱ्या मुलीसाठी आपल्या शहरात दोन व्यवस्था आहेत. एक, तिचे बाळंतपण पार पाडणारी रुग्णालये आणि दुसरी, तिच्याबाबत गुन्हा नोंदवून घेणारी पोलीस ठाणी. या दोन्ही ठिकाणी काम करणाऱ्यांविषयी माझी तक्रार नाही. पण टाके सुकून, जबाब देऊन ती मुलगी बाळासह घरी आली की पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांच्या आयुष्यासाठी तिच्याकडे पाहणारे कोणतेही खाते उरत नाही. ती शाळेत परत यावी, दहावी-बारावी व्हावी आणि स्वतःच्या कमाईवर उभी राहावी, ही जबाबदारी कोणाच्याही कामाच्या यादीत लिहिलेली नाही. ती पालिकेने आपल्याकडे घ्यावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

प्रश्न किती मोठा आहे, हे सरकारी पाहणीतच दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ६.८ टक्के मुली पाहणीच्या वेळी आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. चौथ्या फेरीत हे प्रमाण ७.९ टक्के होते, म्हणजे उतार आहे, पण फार संथ आहे. त्याच पाहणीत २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठरा वर्षांच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण देशात २३.३ टक्के आणि महाराष्ट्रात २१.९ टक्के निघाले. महाराष्ट्र स्वतःला पुढारलेला मानतो आणि देशाच्या सरासरीपेक्षा आपण जेमतेम दीड टक्क्याने बरे आहोत, ही गोष्ट मला शिक्षिका म्हणून फार लागते.

मुंबईत हा प्रश्न कमी दिसतो, कारण तो गावाच्या वाटेने येतो. नववीची परीक्षा आटोपली की मे महिन्यात कुटुंब गावी जाते, कोणी बीड-परभणीकडे, कोणी सोलापूरकडे, कोणी उत्तर प्रदेशात. जूनमध्ये आईवडील आणि भावंडे परततात, मुलगी परतत नाही. पुढे वर्ष-दीड वर्षाने पहिले बाळंतपण माहेरी करायचे म्हणून सातव्या महिन्यात तिला पुन्हा मुंबईत आणले जाते आणि मग पालिकेच्या दवाखान्यात नाव घालताना आधार कार्डावरची जन्मतारीख समोर येते. आपल्या देशातली बहुतेक किशोरवयीन गर्भारपणे अशी लग्नाच्या आतली आहेत. त्याखेरीज प्रेमसंबंधातून आलेली असतात, आणि नात्यातल्या किंवा शेजारच्या माणसाने केलेल्या अत्याचारातून आलेलीही असतात. या तिन्ही प्रकारांतल्या मुलींची दुःखे वेगळी आहेत आणि त्यांना मिळायचा न्यायही वेगळा आहे, पण शाळेच्या हजेरीपटावरून त्या तिघी एकाच पद्धतीने नाहीशा होतात.

कायद्याची बाजू मला नाकारायची नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अठरा वर्षांखालील मुलीशी आलेला शरीरसंबंध, तिची संमती असो वा नसो, गुन्हा ठरतो आणि त्याची माहिती मिळालेल्या प्रत्येकावर, डॉक्टरवर आणि मुख्याध्यापकावरही, ती पोलिसांना कळवण्याची सक्ती आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पवयीन पत्नीलाही हे संरक्षण दिले. अत्याचार झालेल्या मुलीसाठी ही तरतूद ढालीसारखी आहे आणि ती तशीच राहिली पाहिजे. मात्र वस्तीत या सक्तीचा दुसरा परिणामही होतो. केसपेपर काढला की एमएलसी, म्हणजे पोलिसांकडे जाणारी वैद्यकीय नोंद, होणार, जावयाला किंवा त्या मुलाला पोलीस नेणार, या भीतीने घरचे तिला दवाखान्यातच नेत नाहीत. रक्त तपासले जात नाही, लोहाच्या गोळ्या मिळत नाहीत, रक्तदाब कोणी पाहत नाही. गर्भपाताचा विचार करायची वेळही निघून जाते. गर्भपात कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलीला चोवीस आठवड्यांपर्यंत गर्भपात करून घेता येतो, पण पाळी चुकल्याचे तिने आईला सांगेपर्यंत, आईने वडिलांपासून लपवेपर्यंत सहावा महिना सरतो आणि मग उच्च न्यायालयात अर्ज करण्याखेरीज वाट राहत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक दिलासा दिला आहे: मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केल्यास गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीचे नाव डॉक्टरने पोलिसांना द्यायच्या माहितीत उघड करण्याची गरज नाही. हा निकाल पालिकेच्या प्रत्येक प्रसूतिगृहात आणि आरोग्य केंद्रात मराठी-हिंदी-उर्दूत भिंतीवर लावलेला असावा. वस्तीत फिरणाऱ्या आरोग्य स्वयंसेविकेला तो तोंडपाठ असावा.

आरोग्याच्या परिणामांवर आपल्याकडचे डॉक्टर माझ्यापेक्षा अधिकाराने बोलतील, म्हणून थोडक्यात लिहिते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच पाचव्या फेरीत १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींत रक्तक्षय आढळला. ज्या मुलीचे स्वतःचे शरीर अजून वाढत आहे आणि अंगात रक्त पुरेसे नाही, तिच्या पोटी अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे, दिवस पूर्ण न भरलेले मूल येण्याचा धोका अधिक असतो. तिला स्वतःला झटके येण्याचा आणि प्रसूतीनंतर जंतुसंसर्ग होण्याचाही धोका वीस-बावीस वर्षांच्या आईपेक्षा जास्त असतो. अशा बाळाला अतिदक्षता विभागात ठेवावे लागले की घरातला एक कमावता माणूस तितके दिवस रुग्णालयाच्या दारात बसून राहतो, आणि रोजंदारीवरच्या घरात तो खर्च बाहेरच्या औषधांच्या चिठ्ठ्यांइतकाच जड असतो.

आता शाळेविषयी. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा ६ ते १४ वयापुरता आहे. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही, ते त्या कायद्याने. आठवीनंतर हे कवच राहत नाही आणि मुलींची लग्ने, गर्भारपणे नेमकी त्यानंतरच्या दोन-चार वर्षांत येतात. पालिकेच्या माध्यमिक शाळा प्राथमिक शाळांच्या मानाने आधीच थोड्या आहेत, त्यामुळे आठवीनंतर दुसऱ्या शाळेत प्रवेश घ्यायच्या वळणावर कितीतरी मुली तशाही गळतात. पालक दाखला मागायला येतात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा रकाना असतो, त्यात ‘पालकांच्या विनंतीवरून’ किंवा ‘सतत गैरहजर’ असे लिहिले जाते. खरे कारण तेथे लिहू नये, हे मलाही मान्य आहे, कारण तो कागद त्या मुलीला जन्मभर दाखवत फिरावे लागते. पण खरे कारण दुसऱ्या कोणत्याही गोपनीय नोंदीतही राहत नाही. यू-डायस या शाळांच्या सरकारी नोंदप्रणालीत ती शाळा सुटलेल्यांच्या ‘ड्रॉप बॉक्स’मध्ये पडते आणि वर्षअखेरीस गळतीच्या एका आकड्यात मिसळून जाते. लग्न किंवा गर्भारपण यामुळे मुंबईत एका वर्षात किती मुलींची शाळा सुटली, हे या नोंदींवरून कोणालाच सांगता येणार नाही.

एका मुलीची हकीकत सांगते. तिची ओळख पटेल असा कोणताही तपशील मुद्दाम देत नाही. बाळ चार महिन्यांचे असताना ती दहावीला बसू देता का, असे विचारायला आली. नियमित प्रवेशाला घरचे आणि शाळा समितीतले काही पालक दोघेही तयार नव्हते, म्हणून १७ नंबरचा फॉर्म भरून ती खासगी विद्यार्थिनी म्हणून परीक्षेला बसली. मराठीचा पेपर तीन तासांचा. तिची आई बाळाला घेऊन केंद्राच्या फाटकाबाहेर फुटपाथवर, छत्री उघडून बसली होती. दोन तास झाले तशी मुलीची छाती दाटून आली, ओढणी ओली झाली, बाहेर बाळ भुकेने रडत होते ते खिडकीतून ऐकू येत होते. मराठी हा तिचा सर्वांत चांगला विषय. तिने शेवटचा उपयोजित लेखनाचा भाग कोरा ठेवला, पेपर पर्यवेक्षकांच्या हाती दिला आणि ती जिना उतरली. ती उत्तीर्ण झाली, पण गुण असे पडले की ज्या तांत्रिक अभ्यासक्रमाला तिला जायचे होते तेथे तिचा नंबर लागला नाही. एक बंद खोली, पंधरा मिनिटे आणि तेवढा वाढीव वेळ तिला मिळाला असता तर तो भाग कोरा राहिला नसता. कोणाला लिहिण्यात अडचण असेल तर परीक्षा मंडळ लेखनिक देते, जादा वेळ देते, आणि ते योग्यच आहे. तशीच सवलत स्तनपान करणाऱ्या परीक्षार्थिनीला मिळावी, यासाठी पालिकेने वाशीच्या विभागीय मंडळाकडे स्वतः पाठपुरावा करावा.

दहावीचे प्रमाणपत्र हातात नसेल तर पुढे काय होते, ते वस्तीत उघड दिसते. आयटीआयच्या बहुतेक अभ्यासक्रमांना दहावी लागते, पोलीस भरतीला बारावी लागते, मॉलमधल्या काउंटरवर उभे राहायलासुद्धा आता दहावी-बारावी विचारतात. ही मुलगी मग घरात बसून तयार कपड्यांचे धागे कापते, इमिटेशनच्या दागिन्यांत खडे भरते, केसांच्या क्लिपांना मणी चिकटवते. पैसे नगावर मिळतात, माल आणणारा ठरवील तो भाव, आणि पावसाळ्यात घरात पाणी शिरले की काम बंद. याची झळ तिच्या एकटीपुरती राहत नाही. बाळाला सांभाळायला तिच्या आईला धुण्याभांड्याच्या तीन घरांपैकी एक घर सोडावे लागते. तेही जमले नाही तर सातवीतल्या धाकट्या बहिणीला घरी ठेवतात. माझ्या शाळेत धाकट्या बहिणीची हजेरी एकदम घसरली की मी थोरलीची चौकशी करत असे, आणि बहुतेक वेळा कारण तेच निघे. एका गर्भारपणात अशी तीन बायकांची कमाई किंवा शाळा अडकते, आणि त्या धाकटीच्या लग्नाची बोलणीही लवकर सुरू होतात, कारण थोरलीमुळे घराचे नाव गेले असे शेजारपाजारचे म्हणत असतात.

अशा घराला हात देणाऱ्या योजना आहेत, पण बहुतेक योजनांच्या वयाच्या अटीत ही मुलगी बसत नाही. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी पाच हजार रुपये मिळतात, मात्र अठरा वर्षांखालील आई त्या कक्षेत येत नाही. लाडकी बहीण योजनेचे दरमहा पंधराशे रुपये एकविसाव्या वर्षापासून आहेत, म्हणजे सतराव्या वर्षी आई झालेल्या मुलीला ती चार वर्षे थांबायला सांगते, जेव्हा तिचे मूल अंगावर पीत असते, आजारी पडत असते आणि तिला स्वतःला परत वर्गात बसायचे असते. अठरापूर्वीच्या आईला पैसे दिल्यास बालविवाहाला उत्तेजन मिळेल, हा युक्तिवाद मी ऐकला आहे आणि तो प्रामाणिकपणे केला जातो, हेही जाणते. पण बाळंतपणासाठी गरीब आईला पैसे देणाऱ्या जननी सुरक्षा योजनेतली किमान १९ वर्षांची अट २०१३ साली याच कारणाने काढली गेली, की सर्वांत अधिक धोका असलेल्या आईलाच ती अट दूर ठेवत होती. पाच हजार रुपयांसाठी कोणी आपली मुलगी पंधराव्या वर्षी बोहल्यावर चढवीत नाही. ती चढवली जाते हुंडा वयाबरोबर वाढतो म्हणून, एका खोलीच्या घरात तरुण मुलीला एकटी ठेवून दोघांनी कामावर जाण्याची भीती वाटते म्हणून, आणि शाळेनंतर तिच्यासाठी पुढे काही दिसत नाही म्हणून.

जन्मदाखल्याची अडचण तर थेट पालिकेच्या हातातली आहे. भीतीपोटी घरात किंवा गल्लीतल्या खासगी दवाखान्यात जन्मलेल्या बाळाची नोंद २१ दिवसांत होत नाही. वडिलांचे नाव काय लिहायचे, या प्रश्नावर मुलगी आणि तिची आई खिडकीवरून मागे फिरतात. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, आधार आणि इतर कामांना जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा मानला जातो, तेव्हा हा दाखला नसणे म्हणजे त्या मुलाने पहिल्याच पायरीवर अडणे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१५ मध्येच स्पष्ट केले आहे की अविवाहित आईने प्रतिज्ञापत्र दिल्यास वडिलांच्या नावाविना जन्मदाखला द्यावा लागेल. आपल्या सर्व वॉर्डांतील नोंदणी खिडक्यांवरचे कर्मचारी हा निकाल जाणतात का, याची एकदा खातरजमा करावी.

या शहराला असे काम नवे नाही. शीव रुग्णालयात १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली, ती पालिकेच्याच रुग्णालयात. त्याही आधीचे उदाहरण मला अधिक जवळचे वाटते. १८६४ साली मुंबईत जन्मलेल्या रखमाबाईंची आई जयंतीबाई त्यांच्या जन्माच्या वेळी पंधरा वर्षांची होती आणि सतराव्या वर्षी विधवा झाली. रखमाबाईंचे स्वतःचे लग्न अकराव्या वर्षी लावले गेले. नवऱ्याकडे नांदायला जाण्यास त्यांनी नकार दिला, १८८७ साली उच्च न्यायालयाने नांदायला जा किंवा सहा महिने तुरुंगात जा असा आदेश दिला, तेव्हा त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. पुढे त्या लंडनला वैद्यकी शिकून आल्या आणि सुरत व राजकोट येथे डॉक्टर म्हणून त्यांनी आयुष्य काढले. पंधरा वर्षांच्या आईच्या पोटी जन्मलेली मुलगी इथवर आली, कारण जयंतीबाईंचा पुनर्विवाह डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी झाला आणि त्या घरात मुलीच्या शिकण्याला कोणी आडकाठी केली नाही. गोवंडीतल्या मुलीला असे घर लाभणे फार दुर्मीळ आहे, म्हणून तो आधार तिला शाळेने आणि पालिकेने द्यायचा आहे.

तिला वर्गात घेतले तर इतर मुलींवर वाईट परिणाम होईल, हा आक्षेप मी पालकसभांत अनेकदा ऐकला आहे. वस्तुस्थिती अशी आहे की मैत्रिणींना सारे आधीच ठाऊक असते, शिक्षकांना सर्वांत शेवटी कळते. तिला गुपचूप दाखला देऊन घालवले की उरलेल्या मुली एवढेच शिकतात की असे काही घडले तर शाळेत कोणाला सांगायचे नाही. मग पुढची मुलगी पोटावर ओढणी घट्ट बांधून सातव्या महिन्यापर्यंत वर्गात बसते. शरीराविषयी, संमतीविषयी, गर्भनिरोधाविषयी आपण मुलामुलींना नीट काही शिकवत नाही. २००७ साली केंद्राचा किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम आपल्या राज्याने नाकारला, तेव्हापासून हा विषय शाळाशाळांतून आजही चाचरतच घेतला जातो. मुलग्यांना तर त्यातून जवळजवळ वगळलेच जाते, जणू या साऱ्यात त्यांचा संबंध नाही.

माझी मुख्य सूचना अगदी व्यवहारातली आहे. प्रसूतीनंतर ही मुलगी शाळेला सापडत नाही, पण आरोग्य खात्याला सापडते. बाळाच्या लसी सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात असतात आणि नवव्या महिन्यात पुन्हा एकदा तिला आरोग्य केंद्रात यावे लागते. घरचे बाकी काही टाळतील, पण बाळाची लस सहसा टाळत नाहीत. दुसऱ्या किंवा तिसऱ्या लसीच्या दिवशी त्याच केंद्रात शिक्षण विभागाची एक समुपदेशक तिला भेटली, तिची इयत्ता, तिची शाळा, तिचा विचार आणि घरची अडचण तिने ऐकून घेतली, तर नऊ महिन्यांच्या लसीपर्यंत ती मुलगी कुठल्या वर्गात बसणार हे ठरू शकते. ही नोंद गोपनीय राहावी आणि पोलिसांच्या कागदांपासून वेगळी असावी. तिची जुनी शाळा नको असेल तर जवळची दुसरी शाळा, दिवसा जमत नसेल तर रात्रशाळा, तेही नसेल तर १७ नंबरचा फॉर्म, आणि त्याची फी पालिकेने भरावी. मुंबईच्या मराठी शाळांतले वर्ग पटसंख्येअभावी रिकामे पडत आहेत. त्यांतली एक-एक खोली प्रत्येक वॉर्डात पाळणाघराला द्यावी, म्हणजे धाकट्या बहिणीचीही शाळा वाचेल. तेथे अंगणवाडीचा अनुभव असलेल्या बाईंची नेमणूक करावी आणि त्यांचे मानधन वेळेवर द्यावे, कारण मानधन थकले की सर्वांत आधी पाळणाघराला कुलूप लागते, हे आपण सारे पाहत आलो आहोत.

शिक्षण विभागाने याबरोबर एक परिपत्रकही काढावे: अठरा वर्षांखालील मुलीचा दाखला पालकांनी मागितल्यास मुख्याध्यापकाने तो देण्यापूर्वी मुलीशी स्वतंत्रपणे बोलावे, आणि गर्भारपण किंवा लग्न या कारणाने तिचे नाव हजेरीपटावरून कमी करू नये. आज एखाद्या मुख्याध्यापिकेला असे करावेसे वाटले तरी तिच्या हातात तसा कागद नसतो आणि समोर संतापलेले वडील व नातलग उभे असतात. हातात परिपत्रक असेल तर तिला त्यांच्यापुढे ठाम उभे राहता येते.

नवे शैक्षणिक वर्ष जूनच्या मध्यावर सुरू होते आणि दाखले मागायला पालकांची रीघ त्याच आठवड्यात लागते. परिपत्रक मे महिना संपण्यापूर्वी शाळांपर्यंत पोहोचावे, आणि लसीकरण केंद्रात समुपदेशक नेमण्याची सुरुवात गोवंडी-मानखुर्द ज्यात येतात त्या पालिकेच्या एम पूर्व विभागातल्या दोन-तीन आरोग्य केंद्रांपासून करावी. या कामासाठी माझ्यासारख्या निवृत्त शिक्षिका विनामोबदला वेळ द्यायला तयार आहेत. आपण बोलावल्यास आम्ही येऊ.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मुख्याध्यापिका
गोवंडी, मुंबई